‘शहाजोग’ ही शाबासकी नव्हे

पत्र: सप्रेम नमस्कार. वेंगुर्ले तालुक्यातल्या एका वाडीच्या मंडळाचा मी सचिव. वार्षिक अहवालात आमच्या खजिनदारकाकांविषयी मी लिहिले, ‘काका अत्यंत शहाजोग व साळसूद गृहस्थ असून गेली ११ वर्षे मंडळाचे पैसे सांभाळत आहेत.’ आमच्या घरच्या जुन्या दप्तरात ‘शहाजोग हुंडी’ असा शब्द आहे, आणि शहाजोग म्हणजे पतवान, विश्वासू, असे आजोबा सांगत. अहवालाच्या १५० प्रती वाटून झाल्या. काकांनी कपाटाच्या चाव्या आणि पासबुक घरी पाठवून दिले, बोलणे बंद केले. खरे म्हणजे लिहायचेच होते तर दुसऱ्या एका सभासदाविषयी लिहायला हवे होते. ते दर सभेत सगळ्यांना नीती शिकवतात, मंडळाचा चहासुद्धा घेत नाहीत, आणि मंडळाच्या मंडपाचे ४० बांबू दोन पावसाळे त्यांच्या मांगराच्या, म्हणजे शेतघराच्या, छपराला लागलेले आहेत. माझा मुंबईचा पुतण्या म्हणतो, अशा माणसाला इंग्रजीत ‘सँक्टिमोनिअस’ म्हणतात. मराठीत नेमका शब्द कोणता? तो पुढच्या अहवालात वापरू का? आणि काकांचे काय करू? सर्वसाधारण सभा महिन्यावर आली आहे.

उत्तर: सचिवसाहेब, तुम्ही कौतुक मनापासून केलेत, पण लोकांनी वाचले ते असे: ‘काका दिसायला सज्जन आहेत, आतले देव जाणे, आणि ११ वर्षे पैसे त्यांच्याच हातात आहेत.’ ‘शहाजोग’, ‘साळसूद’ आणि ‘पैसे’ हे तीन शब्द एका वाक्यात आले की चौथा शब्द वाचणाऱ्याला आपोआप सुचतो. काकांनी चाव्या पाठवल्या त्यात त्यांचे काही चुकले नाही. हिशोबाची चाड असलेला कोणीही तेच करील.

आजोबांचेही चुकले नव्हते. हुंडी म्हणजे एका पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीला लिहिलेला पैसे देण्याचा हुकूम. दाखवताच पैसे द्यायचे ती दर्शनी, ठरलेल्या दिवसांनी द्यायचे ती मुदती. पैसे कोणाच्या हातात पडायचे त्यावरूनही नावे होती: हुंडीच्या मालकाला मिळायचे ती धनीजोग, शहाला मिळायचे ती शहाजोग. शहा म्हणजे बाजारात पत असलेला, दहाजणांच्या ओळखीचा व्यापारी; जोग म्हणजे योग्य. शहाजोग हुंडी कोणी परका माणूस घेऊन आला तर पेढी त्याच्या हातावर पैसे ठेवीत नसे. त्याने गावातला एखादा शहा गाठायचा आणि त्याच्यामार्फत पैसे उचलायचे. हुंडी मागाहून बनावट किंवा चोरीची निघाली तर पैसे भरून देण्याची जबाबदारी त्या शहावर येई. म्हणजे शहाच्या तोंडाकडे पाहून पैसे सुटत, आणि तोंड दाखवल्याबद्दल तो बांधलेला असे. तुमच्या आजोबांच्या डोक्यात होता तो हा अर्थ, आणि तो अस्सल आहे. १८८१ चा परक्राम्य संलेख अधिनियम, म्हणजे चेक न वटल्याचे कलम १३८ ज्यात आहे तोच कायदा, त्याने आपल्या पहिल्याच कलमात देशी भाषांतल्या अशा दस्तांचे स्थानिक रिवाज राखून ठेवले आहेत. (किनाऱ्यावरच्या माणसाला जवळची ती खरे तर जोखमी हुंडी: माल सुखरूप पोचला तर पैसे, गलबत बुडाले तर हुंडीही बुडाली. वेंगुर्ले, मालवण, राजापूर अशा बंदरांच्या मुलखातल्या दप्तरात हे शब्द निघणे नवलाचे नाही. ते कागद वाळवीने खाण्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवा, हा न विचारलेला सल्ला.)

मग शब्द नासला कसा? जो शब्द माणसाच्या दिसण्यावर, पत असण्यावर, बसण्याउठण्याच्या रीतीवर बेतलेला असतो तो उपरोधाच्या तावडीत लवकर सापडतो, कारण दिसणे उसने आणता येते. ‘संभावित’ म्हणजे मुळात मान मिळालेला, प्रतिष्ठित. या अर्थाने आज ‘संभावित चोर’, ‘संभावितपणाचा बुरखा’ याखेरीज तो फारसा भेटत नाही. ‘शिष्ट’ म्हणजे शिकलेला, संस्कार झालेला. ‘शिष्टमंडळ’ आणि ‘शिष्टाचार’ यांत त्याची अब्रू अजून शाबूत आहे, पण नुसते ‘फार शिष्ट आहे हो ती’ म्हटले की संपले. याउलट जे शब्द कामावर बेतलेले आहेत त्यांना हात लावायला उपरोधाला जागाच मिळत नाही. चोख, काटेकोर, सचोटीचा, कष्टाळू. ‘चोख हिशोब’ म्हटल्यावर कोणी भुवई उंचावत नाही, कारण हिशोब वही उघडून तपासता येतो. शहाजोगपणा उघडून बघायची सोय नाही.

‘साव’ हा शब्द मात्र या घरातला असून बिघडला नाही. साधू, साहू, साव, सावकार अशी ही वंशावळ. चोर नव्हे तो साव. तो सुटला कारण मराठीने सगळे पाप त्याच्या शेजारच्या शब्दावर टाकले: ‘साव असल्याचा आव’. हा ‘आव’ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आज ‘शहाजोग’ जगतो तो बहुतेक क्रियाविशेषण होऊन: शहाजोगपणे. त्याच्या आधी बहुधा ‘वर’ किंवा ‘पुन्हा’ येते, आणि नंतर बोलण्याचे एखादे क्रियापद: विचारणे, सुचवणे, सल्ला देणे. नमुना घ्या. ‘परसातले फणस रात्री उतरवून नेले, आणि वर सकाळी शहाजोगपणे मलाच विचारतो, यंदा फणस धरले नाहीत वाटते?’ या वाक्यात तीन गोष्टी आहेत: आधी केलेली करणी, तिच्यावर चढवलेला सभ्यपणा, आणि त्या सभ्यपणाच्या बळावर समोरच्याला दिलेला शहाणपणा. यातली एक जरी गळली तरी शब्द सैल पडतो. ज्याने फणस चोरलेच नाहीत त्याचा प्रश्न नुसता भोचक. ज्याने चोरले आणि जो गप्प बसला तो शहाजोग नव्हे, साळसूद.

दोघांतला फरक लोक फार घोटाळतात, म्हणून जरा थांबून सांगतो. शहाजोग बोलतो, साळसूद गप्प बसतो. मांजर दुधाला तोंड लावून येते आणि साळसूदपणे चुलीपाशी डोळे मिटून बसते. ती शहाजोगपणे बसत नाही, कारण ती कोणाला ‘दूध झाकून ठेवावे’ असे सांगत नाही. ‘साळसूद’ला चेहरा, बसणे, निघून जाणे, वागणे हे शब्द लागतात, ‘शहाजोग’ला बोलणे लागते. ‘गोगलगाय नि पोटात पाय’ ही म्हण साळसुदाची आहे, शहाजोगाची नव्हे. लहान मुलाला साळसूद म्हटले तर त्यात थोडा लाडही असतो: लाडू संपलेले, आणि हा साळसूद चेहऱ्याने पाटावर बसलेला. तीच गोष्ट साठीच्या खजिनदाराला म्हणून पाहिलीत, काय झाले ते समोरच आहे. हा शब्द सरळ स्वभावाचा, गुणी अशा चांगल्या अर्थानेही चालत असे, पण आज स्थळ सुचवताना ‘मुलगा साळसूद आहे’ असे लिहून पाठवू नका. पत्रिका परत येईल.

तिसरा नेहमीचा शब्द ‘मानभावी’. याचा मुक्काम आवाजात. मऊ, मधाळ, समोरच्याचे भले चिंतणारे बोलणे आणि पोटात दुसरेच. ‘मानभावीपणे जवळ येऊन चौकशी करू लागली.’ शब्द नेमका आहे, पण छापताना तो टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. ‘मानभाव’ हे ‘महानुभाव’चे झिजलेले रूप. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी उभारलेल्या पंथाचे ते नाव. मराठीतले अगदी आरंभीचे गद्य ‘लीळाचरित्र’ याच पंथाचे. पुढे त्यांचे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत राहिले, बाहेरच्यांना ते वाचता येईनात, आणि जे वाचता येत नाही त्याविषयी लोक वाटेल ते बोलू लागतात. पंथाचे नाव असे शिवीसारखे वापरात आले. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण तर एका दमात दोन समाजांना ओरबाडते. तुमच्या वाडीत महानुभाव पंथाचे एक घर जरी असले तरी हा शब्द अहवालातच काय, सभेत तोंडीही नको.

‘दांभिक’ हा जड शब्द आहे, आणि जडपणामुळेच उपयोगी. दंभ म्हणजे नसलेला धर्म दाखवणे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीची यादी दंभापासून सुरू होते, आणि तेराव्यात ज्ञानाच्या लक्षणांत अमानित्वाच्या पाठोपाठ अदंभित्व येते. त्यावर ज्ञानेश्वरीत दिलेला दृष्टांत विलक्षण आहे: लोभी माणूस जिवावर बेतले तरी पुरलेल्या ठेव्याची जागा सांगत नाही, तसा अदंभी माणूस आपले पुण्य सांगत नाही. शब्दाची पारख करायला याहून सोपे माप नाही. ‘दांभिक’ मात्र समाजाला, संस्थेला, काळाला जास्त शोभतो: दांभिक समाज, दांभिक राजकारण. शेजाऱ्याला दांभिक म्हटले की भांडण एकदम व्याख्यानासारखे वाटू लागते.

‘सोवळा’ हा यातला सगळ्यात गुंतागुंतीचा. सोवळे म्हणजे आधी एक वस्त्र, पूजेच्या वेळी नेसायचे, ज्याला कोणी शिवायचे नाही. मग ते एका अवस्थेचे नाव झाले: सोवळ्यात असणे. केशवपन केलेल्या विधवेलाही ‘सोवळी’ म्हणत, त्या क्रौर्याला हे शुद्ध नाव होते, हेही विसरू नये. लक्षणेने आज ‘भाषेचे सोवळे’, ‘पक्षाचे सोवळे’ असे चालते. पण सोवळेपणा खोटा असतोच असे नाही. श्रावणभर शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवणारा, सोमवारी मासळीच्या टोपलीकडे न बघणारा माणूस कर्मठ असेल, हट्टी असेल, खोटा नव्हे. तो दुसऱ्याच्या ताटातल्या बांगड्याकडे बघून नाक मुरडू लागला की शिष्टपणा सुरू झाला. आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या घरी त्यानेच बांगड्याची तिसरी तुकडी मागून घेतली तर मग सोवळेपणाचा आव. आव इथे आला. ‘सोवळेपणा’ आणि ‘सोवळेपणाचा आव’ यांच्यात एका शब्दाचे अंतर आहे, आणि आरोप सगळा त्या एका शब्दात आहे. मालवणीत तेवढ्यासाठी ‘आव’ही लागत नाही, ‘मोठो’ पुरतो. ‘मोठो सोवळो!’ म्हटले की ऐकणाऱ्याला पुढचे सांगावे लागत नाही. तो ‘मोठो’ जितका लांबवाल तितका सोवळेपणा कमी.

‘भोंदू’ तुमच्या कामाचा नाही. भोंदूला समोरच्याकडून काही उकळायचे असते, पैसा, जमीन, शरीर; नीतीचा रुबाब हे त्याचे हत्यार, हेतू नव्हे. ‘ढोंगी’ सगळीकडे चालतो, म्हणूनच कुठे नेमका बसत नाही.

बगळ्याचे म्हणाल तर तो फार जुना आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात बकव्रती आणि बैडालव्रती, म्हणजे बगळ्याचे आणि मांजराचे व्रत घेतलेले, अशा दोघांची सोबतच निंदा आहे. भरती ओसरली की खाजणात चिखलावर निश्चल उभा राहणारा तपकिरी बगळा तुमच्या रोजच्या बघण्यातला. त्याचे मराठी नावच वंचक. गंमत अशी की बसलेला असताना तो मातकट दिसतो आणि उडाला की पंख पांढरेशुभ्र निघतात, म्हणजे ढोंग्याच्या नेमके उलट. बिचाऱ्याला मासे धरण्यापुरते स्थिर राहावे लागते, त्याचे आपण व्रत करून टाकले. लेखनात ‘बकध्यान’ वापरायचा असेल तर तो साळसुदाजवळ ठेवा. बगळा उपदेश करीत नाही.

आता पुतण्याचा शब्द. ‘सँक्टिमोनिअस’ची कथा आपल्या शहाजोगासारखीच आहे. लॅटिनमध्ये ‘सँक्टिमोनिया’ म्हणजे पावित्र्य, आणि इंग्रजीतही हे विशेषण काही काळ चांगल्या अर्थाने चालले. शेक्सपिअरच्या ‘टेंपेस्ट’मध्ये ते लग्नाच्या पवित्र विधींना लागते, तर ‘मेझर फॉर मेझर’मध्ये एका चाच्याला: तो दहा आज्ञांची पाटी घेऊन समुद्रावर निघतो, पण ‘चोरी करू नकोस’ ही आज्ञा तेवढी खरवडून टाकतो. किनाऱ्यावरच्या वाचकाला दुसरे उदाहरण द्यायला नको. या शब्दात तीन कण आहेत: पुण्य मिरवणे, त्याने दुसऱ्याला खाली दाखवणे, आणि आत तेच पुण्य नसणे. मराठीत हे तिन्ही कण एका विशेषणात धरून ठेवणारा शब्द नाही. जे शब्द आहेत ते एकेक, दोन-दोन कण धरतात. दांभिक पहिला आणि तिसरा धरतो, शिष्ट दुसरा. क्रियाविशेषणात आला तर ‘शहाजोगपणे’ तिन्ही धरतो. नाम हवे असेल तर ‘सोवळेपणाचा आव’ घ्या. पुतण्या काही भाषांतर करीत असेल तर त्याला सांगा, विशेषणाच्या जागी विशेषण शोधत बसू नकोस, वाक्य क्रियापदाकडे वळव. मराठीत ढोंग हे बहुधा ‘असण्यात’ नसते, ‘आणण्यात’ असते: आव आणतो, सोंग आणतो.

बोलीत तर शब्दाची गरजच पडत नाही, वाक्प्रचार तयार आहे: नाकाने कांदे सोलणे. हातांनी सोलताना सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी येते, आणि हा म्हणे नाकाने सोलतो. अलिबागचा पांढरा कांदा गोड असला तरी त्यालाही ते जमायचे नाही. हा वाक्प्रचार नीट वापरायचा तर तो नकारार्थी आज्ञेत घाला (‘उगाच नाकाने कांदे सोलू नकोस’) किंवा ‘आता’ला जोडा (‘काल स्वतः रांग मोडली आणि आता नाकाने कांदे सोलतोय’). नुसते ‘तो नाकाने कांदे सोलणारा माणूस आहे’ असे विशेषण केलेत की त्यातली हवा जाते. ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ यात बोलणे आणि करणे यांतले अंतर आहे, पण तुच्छता नाही, म्हणून ती थोडी सौम्य. वडीलधाऱ्यांना हसत म्हणता येते. ‘धुतल्या तांदळासारखा’ जवळजवळ नेहमी ‘नाही’ला बांधलेला असतो. तुम्ही उद्या काकांच्या कौतुकात ‘धुतल्या तांदळासारखे’ लिहाल अशी भीती वाटते, म्हणून मुद्दाम सांगितले. ‘मी नाही त्यातली, कडी लाव आतली’ ही म्हण ठसकेबाज आहे, पण ती बाईच्या चालीवर बोट ठेवते. मंडळाच्या सभेत नको.

तेव्हा ते बांबूवाले सभासद. चहा घेत नाहीत (पुण्य मिरवणे), सगळ्यांना नीती शिकवतात (दुसऱ्याला खाली दाखवणे), बांबू छपराला (आत नसणे). तिन्ही कण जुळतात, निदान तुमच्या बाजूने ऐकल्यावर. पण अहवालात यातला एकही शब्द लिहू नका. एक कारण कायद्याचे: भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी हा गुन्हा आहे, आणि छापील अहवाल हा वाटून दिलेला पुरावा असतो. दुसरे कारण त्याहून मोठे. विशेषण लिहिले की वाद विशेषणावर होतो आणि बांबू बाजूला राहतात. ‘मला शहाजोग म्हणता?’ या प्रश्नावर दोन तास जातील, सभा संपेल, बांबू तिसरा पावसाळा बघतील.

त्याऐवजी साहित्याची नोंदवही, म्हणजे तुमचे डेडस्टॉक रजिस्टर, काढा. मंडपाच्या बांबूंची एकूण संख्या, आज मंडळाच्या खोलीत मोजून भरलेली संख्या, आणि उरलेली. मोजायला दोन माणसे न्या, दोघांच्या तारखेसह सह्या घ्या. नोंदवहीत नेले कोणी, कोणत्या तारखेला, भाडे ठरले होते का, हे लिहा. पुरावा नसेल त्या खान्यात ‘नोंद नाही’ असे लिहा, अंदाज लिहू नका. छापील अहवालात नाव नको, एवढेच पुरे: ‘मंडप साहित्यापैकी ४० बांबू परत येणे आहे.’ सभेच्या विषयपत्रिकेवर ‘मंडप साहित्याची मोजणी’ हा साधा विषय ठेवा. सभेआधी आठवडाभर त्यांना एकट्याला गाठून बांबू मागा, म्हणजे त्यांना मान राखून परत करायला वाट राहील. ही वाट ठेवली नाही की असा माणूस सभेत सात्त्विक संतापाने उभा राहतो, आणि तो संताप कसा असतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

काकांकडे मात्र आज जा. सभेची वाट बघू नका. एकटे जा, सोबत अध्यक्षांना नेलेत तर ती माफी न राहता शिष्टाई होते. मोबाइलवर निरोप नको. आणि ते हुंडीचे दप्तर घरीच ठेवून जा. मूळ अर्थ किती चांगला होता हे दुखावलेल्या माणसाला समजावून सांगणे म्हणजे ‘चूक तुमच्या समजण्याची’ असे सांगणे, आणि तुम्ही ते जितक्या सभ्यपणे सांगाल तितके ते शहाजोगपणे सांगितल्यासारखे होईल. ‘तुम्हाला वाईट वाटले असेल तर’ हेही नको. वाईट वाटलेच आहे. घरच्या बोलीत दोन वाक्ये बोला: ‘काकानू, तो शब्द माका दुसऱ्याच अर्थान म्हायत होतो. चूक माझी, अहवालाक शुद्धिपत्र काढतंय.’ मग गप्प बसा. काका बोलतील ते ऐका, चहा दिला तर घ्या. चाव्या त्याच दिवशी परत करायचा आग्रह धरू नका. त्या आणि पासबुक सीलबंद पाकिटात जपून ठेवा आणि बँकेतल्या सह्यांत कोणताही बदल सुरू करू नका. सह्या बदलायचा ठराव नुसता सुचला तरी गाव समजायचे ते समजेल.

शुद्धिपत्र वेगळ्या चिठ्ठीवर छापा. मूळ ओळीवर पट्टी चिकटवू नका. चिकटवलेल्या पट्टीखाली काय आहे ते बघायला लोक ती आधी नखाने उचकटतात. ज्या १५० घरी अहवाल गेला त्याच घरी चिठ्ठी गेली पाहिजे, मुंबईच्या चाकरमान्यांसह, म्हणून वाटपाची जुनी यादीच वापरा. सभेत मागच्या इतिवृत्तानंतर आणि हिशोबाच्या आधी ती तुम्ही स्वतः वाचा. हिशोब मांडायला काका उभे राहतील तेव्हा शब्द दुरुस्त झालेला असला पाहिजे. मजकूर एवढाच:

‘शुद्धिपत्र. वार्षिक अहवालातील खजिनदारांविषयीच्या वाक्यात सचिवांकडून चुकीचे शब्द वापरले गेले. ते वाक्य रद्द समजून त्या जागी पुढीलप्रमाणे वाचावे: खजिनदारांनी गेली ११ वर्षे मंडळाचा हिशोब चोख ठेवला असून प्रत्येक वर्षाचे लेखापरीक्षण पूर्ण झाले आहे. सचिव या चुकीबद्दल दिलगीर आहेत.’

लेखापरीक्षणाचे शब्द खरे असतील तरच ठेवा. एखाद्या वर्षाचे राहिले असेल तर ते अर्धे वाक्य काढा आणि ‘चोख ठेवला आहे’ इथे थांबा. ‘निष्कलंक’, ‘स्वच्छ चारित्र्याचे’, ‘एक पैसाही इकडचा तिकडे न करणारे’ असले काही भरीला घालू नका. न विचारता दिलेली ग्वाही वाचली की माणूस विचारू लागतो, ग्वाही द्यायची वेळ का आली?

पुढच्या वेळी एखादा जुना शब्द वापरावासा वाटला तर दोन ठिकाणी बघा: मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’. दोन्ही आता इंटरनेटवर शोधता येतात. पण कोशातला पहिला अर्थ घेऊन पळू नका. तो शब्द गेल्या महिन्याच्या वर्तमानपत्रांत कोणत्या क्रियापदाबरोबर आला आहे ते बघा. पाच वाक्यांपैकी चार टोमणे निघाले तर कोशातला सत्पुरुष कोशातच राहू द्या.

आणि छापखान्यात जाण्याआधी: ‘शुद्धिपत्र’ मधला ‘द्धि’ ऱ्हस्व. नुसती ‘शुद्धी’ दीर्घ, समासात पहिल्या पदाला आली की ऱ्हस्व. ‘दांभिक’चा ‘भि’ ऱ्हस्व. ‘साळसूद’चा ‘सू’ दीर्घ, मात्र ‘साळसुदाला’, ‘साळसुदाचा’ मध्ये ऱ्हस्व, आणि ‘साळसूदपणा’त पुन्हा दीर्घ. हे शेवटचे तुम्हाला आता लागू नये, पण वाक्य रद्द करताना कोणी ते शब्द पुन्हा छापायचा आग्रह धरला तर नको म्हणा. ज्यांनी ते वाचले आहेत त्यांच्या ते लक्षात आहेत.